कुपोषित मुलाच्या रक्तातली अमिनो आम्लं मोजायची तर

दोन वर्षांचं, दहा किलो वजनाचं मूल घ्या. दिवसभरात त्याच्या पोटात साधारण ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी गेली, आमटीच्या पाण्यात कुस्करून, आणि त्यावर १५ ग्रॅम शेंगदाण्याचं कूट. सोलापूर जिल्ह्यात हे ताट कुणालाही अनोळखी नाही. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम प्रथिन असतं, म्हणजे भाकरीतून ५ ग्रॅम आले. शेंगदाण्यातून पावणेचार ग्रॅम. बेरीज पावणेनऊ. या वयाला किलोमागे सुमारे एक ग्रॅम प्रथिन पुरतं असं धरतात. त्या हिशोबाने दहा ग्रॅमांतले पावणेनऊ मिळाले, फार काही अडलं नाही असं कागद सांगतो.

आता याच घासांतलं लायसिन मोजू. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाचे घटक, आणि लायसिन हे शरीराला स्वतः बनवता न येणाऱ्या नऊ अमिनो आम्लांपैकी एक. ज्वारीच्या एका ग्रॅम प्रथिनात ते जेमतेम २० ते २२ मिलिग्रॅम असतं, शेंगदाण्याच्या प्रथिनात ३५ च्या आसपास. म्हणजे भाकरीतून १०५ आणि कुटातून १३०. एकूण २४० मिलिग्रॅमच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात एक ते दोन वर्षांच्या मुलाची लायसिनची गरज किलोमागे ४५ मिलिग्रॅम धरली आहे. दहा किलोला ४५०. मिळालं निम्मं. शिवाय ज्वारीचं प्रथिन शिजल्यावर पचायला आणखी अवघड होतं. त्यातलं काफिरिन नावाचं प्रथिन उष्णतेने घट्ट विणलं जातं आणि आतड्यातल्या पाचकरसांना दाद देत नाही. तेव्हा ताटात गरजेच्या निम्मं असलेलं लायसिन रक्तात पोहोचेपर्यंत तेवढंही उरत नाही.

हा सगळा हिशोब सुई न टोचता झाला. मग कुपोषित आणि सुदृढ मुलांच्या रक्तातली अमिनो आम्लं मोजण्यावर सार्वजनिक पैसा का खर्चावा? आमचं मत असं आहे की तो जरूर खर्चावा, पण एकाच कामासाठी: अंगणवाडीतून जाणारा आहार मुलाच्या रक्तापर्यंत काय पोहोचवतो हे तपासण्यासाठी. एकेका मुलाच्या कुपोषणाचं निदान करायला ही तपासणी निरुपयोगी आहे. आणि नमुना घेण्याची शिस्त पाळता येणार नसेल तर ती कुणाच्याही कामाची नाही.

या विषयाकडे पुन्हा लक्ष गेलं ते २०१६ मध्ये. मलावीच्या ग्रामीण भागातल्या १२ ते ५९ महिन्यांच्या ३१३ मुलांचं रक्त तपासलं गेलं. त्यांतली ६२ टक्के मुलं खुजी होती, म्हणजे वयाच्या मानाने उंचीत मागे. खुज्या मुलांच्या रक्तात नऊच्या नऊ अत्यावश्यक अमिनो आम्लांचं प्रमाण इतर मुलांपेक्षा कमी निघालं. आर्जिनिन, ग्लायसिन, ग्लुटामिनही कमी. यामागे एक पटण्याजोगी जैविक साखळीही आहे. हाडाच्या टोकाशी जिथे उंची वाढते तिथल्या पेशी वाढायचं की थांबायचं हे ठरवताना आसपासच्या अमिनो आम्लांची पातळी चाचपतात; ती खाली असली की वाढीचा कारखाना बंद ठेवतात. तरी या अभ्यासात एकाच वेळी एकदाच रक्त घेतलेलं होतं. अमिनो आम्लं कमी म्हणून मूल खुजं राहिलं, की वारंवारच्या जुलाबांनी आतडं खराब झालं आणि त्यातून दोन्ही घडलं, हे अशा एका नमुन्यातून कळत नाही.

मोजमापाची कल्पना मात्र जुनी आहे. १९६४ मध्ये युगांडातल्या कंपालात काम करणारे संशोधक व्हाइटहेड यांनी बोटाच्या रक्ताच्या थेंबावर, कागदी क्रोमॅटोग्राफीने (घटक कागदावर वेगळे करून), एक गुणोत्तर काढायची सोपी रीत दिली. एका बाजूला ग्लायसिन, सेरिन, ग्लुटामिन, टॉरिन. दुसऱ्या बाजूला व्हॅलिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, मिथिओनिन. सुजवटीच्या, म्हणजे कुपोषणाने अंगावर सूज आलेल्या, मुलांत हे गुणोत्तर खूप वर जायचं. सुजवटी अंगावर दिसण्याआधीच ओळखता येईल अशी मोठी आशा त्यातून निर्माण झाली होती. ती टिकली नाही. सुकटीच्या मुलांत, म्हणजे हाडाचा सापळा झालेल्या मुलांत, गुणोत्तर बऱ्याचदा ठीकच निघे, कारण त्यांचं शरीर स्वतःचे स्नायू मोडून रक्ताला अमिनो आम्लं पुरवत असतं. आणि आधीच्या एक-दोन दिवसांत मुलाने काय खाल्लं त्यावर आकडा हलायचा.

हे नीट समजून घेतलं पाहिजे. रक्तातली मोकळी अमिनो आम्लं म्हणजे घरातली कणगी नव्हे, चुलीपुढचं सूप आहे. सूप भरलेलं दिसलं म्हणून कणगीत धान्य आहे असं होत नाही. कदाचित शेवटची पायली आत्ताच काढली असेल. ज्या मुलाचे दंड काडीसारखे झालेत त्याचा रक्ताचा अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. असा कागद आईच्या हाती पडला तर त्याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको. तीव्र कुपोषण ओळखायला ११५ मिलिमीटरच्या आतला दंडघेर, उंचीच्या मानाने वजन आणि दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबल्यावर उमटणारा खळगा ही साधनं आजही पुरी आहेत. खासगी प्रयोगशाळांनी ‘अमिनो ॲसिड प्रोफाइल’ पालकांना वाढ खुंटल्याची तपासणी म्हणून विकू नये. जन्मजात चयापचय दोषांच्या निदानात ही तपासणी मोलाची आहे, तिथे ती राहू द्यावी.

इथे पां. वा. सुखात्मे यांचं म्हणणं आठवलं पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ अनेक वर्षं जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. जगभर ‘प्रथिनांची दरी’ भरून काढायच्या गोष्टी चालल्या होत्या, तेव्हा त्यांनी भारतीय आहाराचे आकडे मांडून दाखवलं की प्रथिन कमी पडणाऱ्या बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच कमी पडतं. उष्मांक अपुरे असले की शरीर खाल्लेलं प्रथिन सरपणासारखं जाळून टाकतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या गोपालन यांनीही दाखवलं की सुजवटी आणि सुकटी झालेल्या मुलांच्या आहारात प्रथिनांचा म्हणावा असा फरक सापडत नाही. त्यामुळे नुसत्या प्रथिनांच्या पावडरीवरचा खर्च वाया जातो, हा त्यांचा धडा आजही खरा आहे, आणि औषधांच्या दुकानांतल्या रंगीत डब्यांकडे पाहिलं की तो किती विसरला गेलाय तेही कळतं.

पण सुखात्म्यांचा हिशोब प्रथिनाच्या ग्रॅमांचा होता. ते ग्रॅम कोणत्या जातीचे, हा प्रश्न त्या वादात मागे राहिला, आणि सोलापूरसारख्या ज्वारीच्या मुलखात नेमका तोच पुढे आणायला हवा. मंगळवेढ्याची मालदांडी आपला अभिमान आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. मोहोळच्या संशोधन केंद्राचं रब्बी ज्वारीवरचं काम पिढ्यांचं आहे. कुणी ज्वारीची निंदा करतंय असं समजू नये. ज्वारीत लोह आहे, तंतू आहेत, आणि कोरडवाहू शेतीत तीच टिकते. फक्त तिच्या प्रथिनात लायसिन कमी आणि ल्युसिन जास्त आहे. दख्खनच्या पठारावरच्या ज्वारी खाणाऱ्या लोकांत पेलाग्रा (नायसिन या जीवनसत्त्वाच्या उणिवेचा रोग) दिसतो तो या जादा ल्युसिनमुळे का, असा प्रश्न १९६० मध्ये हैदराबादहूनच मांडला गेला होता. त्या उत्तरावर पुढे मतभेद झाले. पण ज्वारीतली अमिनो आम्लं माणसाच्या शरीरात काय करतात हा प्रश्न तेव्हापासून आपल्या दारात उभा आहे.

आणि आपल्याकडची लाडकी जोडी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, या बाबतीत दुबळी आहे. दोघांतही उणीव एकाच अमिनो आम्लाची. ज्वारीची लायसिनची तूट तुरीची, हरभऱ्याची, मुगाची डाळ भरून काढते. तिच्या ग्रॅम प्रथिनात लायसिन ६५ ते ७० मिलिग्रॅम असतं. वरच्या ताटात १५ ग्रॅम तूरडाळ घातली की सुमारे २२० मिलिग्रॅम वाढतं आणि कागदावरची तूट संपते. १०० मिलिलिटर दूध अडीचशे मिलिग्रॅम देतं. एक अंडं चारशेच्या वर देतं, आणि अंड्याचं प्रथिन डाळीच्या प्रथिनापेक्षा कितीतरी पूर्ण पचतं.

अंगणवाडीच्या आहाराची मापं मात्र ग्रॅमांत ठरत आली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या अनुसूचीत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलासाठी ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिन असं लिहिलं गेलं, कुपोषितासाठी ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम; ही अनुसूची २०२३ मध्ये बदलली. पाकिटावर ‘प्रथिने १२ ग्रॅम’ छापलं की पुरवठादाराचं काम झालं. ते बारा ग्रॅम गव्हा-ज्वारीचे की डाळ-दुधाचे, हे त्या आकड्यात दिसत नाही. त्याहून बारीक गोष्ट म्हणजे भाजणं. पीठ गुळासोबत भाजलं की साखरेचे रेणू लायसिनच्या मोकळ्या टोकाला चिकटतात. भाजणीचा खमंग वास आणि तपकिरी रंग त्यातूनच येतो, आणि चिकटलेलं लायसिन शरीराला मिळत नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात पाकिटं महिनोन्‌महिने पडून राहिली तरी ही क्रिया सावकाश चालूच राहते. नेहमीच्या प्रयोगशाळेत नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर २४ तास उकळतात. त्या उकळण्यात बांधलं गेलेलं काही लायसिन पुन्हा सुटतं आणि अहवालात ‘आहे’ म्हणून मोजलं जातं. म्हणून पाकीट तपासायचं तर ‘कार्यक्षम लायसिन’ वेगळं मागावं लागतं. ट्रिप्टोफॅन तर त्या आम्लात नष्टच होतं. त्यासाठी अल्कलीतलं विघटन लागतं.

म्हणजे रक्ताआधी पाकीट तपासायला हवं, हे उघड आहे. तरीही रक्त मोजण्याचं एक कारण उरतं. पाकिटातलं लायसिन मुलाच्या आतड्यातून पार पडतं का, हे पाकीट सांगू शकत नाही. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनीचं धरण भरलेलं असलं तरी घराघरांत पिंप आणि टाकीत काही दिवसांचं पाणी साठवून ठेवावं लागतं. साठवलेलं पाणी, रांगतं मूल, वारंवार बिघडणारं पोट. अशा मुलाच्या आतड्याची शोषण्याची ताकद कमी झालेली असू शकते. रक्तातलं सिट्रुलिन हे अमिनो आम्ल मुख्यतः लहान आतड्याच्या पेशींतच बनतं, त्यामुळे ते खाली गेलं तर आतड्याच्या अस्तराची झीज झाल्याचा संशय घेता येतो. लायसिन कमी आणि सिट्रुलिन ठीक असेल तर ताट सुधारा. दोन्ही कमी असतील तर डाळीबरोबर पाण्याचीही व्यवस्था लावा. हा फरक सांगणारं दुसरं सोपं साधन आपल्या हाती नाही, आणि पैसा खर्चण्याचं आमचं समर्थन याच एका मुद्द्यावर उभं आहे.

आता नमुन्याची शिस्त. बहुतेक घोळ यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिला प्रश्न उपाशीपणाचा. पुस्तकात रात्रभर उपाशी ठेवून सकाळी रक्त घ्या असं असतं. कुपोषित मुलाला असं उपाशी ठेवणं धोक्याचं आहे. तीव्र कुपोषितात रक्तातली साखर डेसिलिटरमागे ५४ मिलिग्रॅमच्या खाली कधी घसरेल याचा नेम नसतो, म्हणून तर त्यांना दर दोन-तीन तासांनी भरवतात. तेव्हा तीव्र कुपोषित मूल अशा अभ्यासात घेऊच नये, त्याला थेट पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवावं. मध्यम खुज्या मुलांत सकाळच्या पहिल्या खाण्याआधी, शेवटच्या खाण्यापासून किमान तीन तासांनी नमुना घ्यावा आणि ती वेळ मिनिटांसकट लिहावी. अंगावर पिणाऱ्या मुलाची शेवटची पाजण्याची वेळही लिहावी. एका मुलाचं रक्त जेवणानंतर तासाभराने आणि दुसऱ्याचं पाच तासांनी घेतलं, तर जो फरक दिसेल तो घड्याळाचा असेल, कुपोषणाचा नव्हे.

रक्त एक मिलिलिटर पुरतं. आठ किलोच्या मुलाच्या अंगात सहाशे मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं, त्यामानाने हे थोडंच आहे. पण दोनदा टोचायची वेळ आली तर तिसऱ्यांदा टोचू नये. शिरेतूनच घ्यावं. बोट पिळून काढलेल्या रक्तात ऊतींतलं पाणी आणि त्वचेवरचा घाम मिसळतो, आणि घामात सेरिन, अ‍ॅलानिन भरपूर असतं. हिरव्या टोपणाची लिथियम हेपॅरिनची नळी घ्यावी, भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करावी, जोरात हलवू नये. लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं आर्जिनेज हे विकर बाहेर येतं आणि आर्जिनिनचं ऑर्निथिन करून टाकतं. आर्जिनिन कमी, ऑर्निथिन जास्त असा अहवाल पाहून कुणी मोठा शोध लागल्याचं समजेल. खरं कारण बारीक सुईतून सिरिंज जोरात ओढली एवढंच असतं. रक्तद्रव, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्ताचा पातळ भाग, गुलाबी दिसला तर तो नमुना बाद.

नळी लगेच बर्फाच्या पाण्यात उभी करावी. थेट बर्फाच्या पॅकला टेकवली तर कडेचं रक्त गोठतं आणि पेशी फुटतातच. लसीच्या डब्यातून नळ्या नेणाऱ्यांची ही नेहमीची चूक आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२ च्या पुढे जातो; त्या उन्हात नळी अर्धा तास नुसती पिशवीत राहिली तरी ग्लुटामिनचं ग्लुटामेट व्हायला लागतं. अर्ध्या तासात, फार तर तासात सेंट्रिफ्यूजमध्ये, पेशी खाली बसवणाऱ्या यंत्रात, फिरवावी. म्हणजे सेंट्रिफ्यूज मुलांजवळ न्यावं लागेल, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गाडीत. वरचा रक्तद्रव काढताना तळापर्यंत पिपेट घालू नये. लाल थराच्या वर पांढऱ्या पेशींचा आणि बिंबिकांचा पातळ थर असतो, त्यात टॉरिन आणि ॲस्पार्टेट ठासून भरलेलं असतं. थोडा रक्तद्रव मागे ठेवलेला परवडला.

पुढे २०० मायक्रोलिटर रक्तद्रवात १० टक्क्यांचं सल्फोसॅलिसिलिक आम्ल ५० मायक्रोलिटर घालून प्रथिनं साकळवतात, चार अंशांवर अर्धा तास ठेवतात, पुन्हा वेगाने फिरवून वरचं स्वच्छ पाणी वेगळं करतात. हे त्याच दिवशी व्हावं. उशीर झाला तर सिस्टिन प्रथिनांना चिकटून मोजणीतून निसटतं. ट्रिप्टोफॅन रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून असतं, आणि आम्लाने अल्ब्युमिन खाली बसताना थोडं ट्रिप्टोफॅन सोबत घेऊन जातं. कुपोषित मुलांत अल्ब्युमिन कमी असू शकतं, म्हणजे ही चूक दोन्ही गटांत सारखी होईल याचीही खात्री नाही. म्हणून ट्रिप्टोफॅनवर निष्कर्ष काढायचा असेल तर वेगळी पद्धत, ट्रिप्टोफॅनचंच जड समस्थानिक (वजनाने वेगळं रूप) खुणेसाठी आधीच मिसळून, वापरावी.

नंतर उणे ७० अंशांच्या खाली साठवण. इथे वीज जाण्याचा विचार पहिल्या दिवशी करायचा असतो. फ्रीजर रात्रीतून वितळून पुन्हा गोठला की नमुने जसेच्या तसे दिसतात आणि आत बदललेले असतात. साधी युक्ती अशी की एका नळीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवावं. सकाळी नाणं बर्फात रुतलेलं दिसलं तर रात्री काय झालं ते कळतं. पुण्याला किंवा हैदराबादला नमुने पाठवायचे तर थर्मोकोलच्या जाड पेटीत दर २४ तासांना चार-पाच किलो कोरडा बर्फ धरावा, आणि एकाच मुलाच्या दोन नळ्या एकाच खेपेत पाठवू नयेत.

यंत्राचं काम त्यामानाने सरळ. आयन-विनिमय स्तंभावर वेगळी करून निनहायड्रिनने रंग आणायची जुनी पद्धत सावकाश पण विश्वासाची आहे. मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून ओळखण्याची पद्धत, वेगवान आहे, तिच्यात एक खाच आहे. लायसिन आणि ग्लुटामिन यांचं रेणुवस्तुमान जवळजवळ एकच, १४६. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन तिघांचंही १३१. आधी स्तंभावर वेगळं न करता नमुना थेट यंत्रात सोडला तर ही नावं एकमेकांत मिसळतात. नवजात बाळांच्या तपासणीत वापरतात ते वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्याचं कार्ड स्वस्त, टपालाने जाणारं, म्हणून तेच वापरा असा आग्रह होतो. पण तिथली झटपट पद्धत बहुधा ही थेट सोडण्याचीच असते, आणि आपल्याला हवं ते लायसिन तिच्यात नीट दिसत नाही. कार्डाची दुसरी अडचण आणखी खोल आहे. रक्तक्षय असलेल्या मुलाचं पातळ रक्त कागदावर जास्त पसरतं, त्यामुळे ३.२ मिलिमीटरच्या गोल तुकड्यात रक्तच कमी येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. कुपोषित गटात रक्तक्षय जास्त असेल तर नुसत्या कागदाच्या करणीने त्यांची अमिनो आम्लं कमी निघतील.

आता सुदृढ मूल कुणाला म्हणायचं? सुदृढ मुलं होटगी रस्त्यावरच्या बंगल्यांतून आणि कुपोषित विडी घरकुलातून घेतली, तर तुलना पाण्याची, घराची, आईच्या शिक्षणाची आणि पगाराची होईल. तुलनेचं मूल त्याच गल्लीतलं, त्याच अंगणवाडीतलं, तीन महिन्यांच्या आत-बाहेरच्या वयाचं हवं. आणि उंची नीट मोजलेली हवी. खुजेपणा ज्या टप्प्यांत मोजतात तो एक टप्पा, एक प्रमाण विचलन, दोन वर्षांच्या मुलात सुमारे तीन सेंटीमीटरचा. फळी तिरकी बसली आणि एक सेंटीमीटर चुकला तरी मूल सीमारेषेच्या या बाजूचं त्या बाजूला जातं. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजतात, उभं करून मोजलं तर ०.७ सेंटीमीटर कमी भरतं. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर हिरवा दिसणारा ठिपका वजनाचा आहे की उंचीचा, हेही पाहावं. वजन ठीक आणि उंची खुंटलेली अशी मुलं ‘सुदृढ’ गटात गेली की फरक आपोआप पुसला जातो.

ताप-खोकला झालेल्या मुलाचा नमुना दोन आठवडे पुढे ढकलावा. संसर्गात फेनिलॲलानिन टायरोसिनच्या तुलनेत वाढतं आणि ट्रिप्टोफॅन वेगाने मोडलं जातं. मूल वरवर बरं दिसलं तरी सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन, तपासावंच. आणि कोणती अमिनो आम्लं पाहणार ते आधी लिहून ठेवावं. वीस मोजायची आणि ज्यात फरक पडला ते मिरवायचं, असं केलं तर काहीच फरक नसतानाही एखादं तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता मोठी असते. आमच्या मते सोलापूरसाठी लायसिन, सिट्रुलिन आणि फेनिलॲलानिन-टायरोसिनचं गुणोत्तर एवढंच मुख्य असावं.

आक्षेप असा येईल, आणि तो रास्त आहे: उपाशी पोराचं रक्त कसलं काढता, त्या पैशांची अंडी द्या. आम्हीही म्हणतो, आधी अंडी द्या, डाळ द्या. आदिवासी प्रकल्पांतल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून अंडी मिळतात. सोलापूरच्या मुलाला ती मिळत नाहीत. पण एवढ्यावर थांबता येत नाही, कारण अंड्याचा अनुभवही एकसारखा नाही. इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या १६३ मुलांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, त्यांची उंची चांगलीच सुधारली. तसाच प्रयोग मलावीत ६६० मुलांवर झाला, तिथे एकूण उंचीत फरक पडला नाही. तिथली मुलं आधीपासून मासे खात होती, म्हणजे अंड्याने भरून काढावी अशी उणीवच तेवढी नव्हती. सोलापूर यांतल्या कुणासारखं आहे? ताट पाहता इक्वाडोरसारखं असावं असा आमचा अंदाज आहे. पण पाण्याची स्थिती पाहता आतडंच आडवं येईल अशीही शक्यता आहे. अंदाजावर जिल्हाभराचा आहार बदलता येतो. तो फसला तर का फसला हे मात्र नंतर कुणाला सांगता येत नाही.

म्हणून करायचं ते असं. सुधारलेला आहार सगळ्या अंगणवाड्यांत एकाच दिवशी सुरू होणं तसंही शक्य नसतं. कुठे आधी, कुठे तीन महिन्यांनी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. दोन्हीकडच्या १२ ते ३५ महिन्यांच्या मुलांचं, खुज्या आणि न खुज्या, सुरुवातीला एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा रक्त घ्यावं. कुणाचाही आहार अडवून ठेवायचा नाही, फक्त क्रमाचा उपयोग करून घ्यायचा. मुलांपैकी काहींना त्याच दिवशी ठरावीक जेवण भरवून दोन तासांनी दुसरा नमुना घेता आला तर फारच चांगलं, कारण जे अमिनो आम्ल अपुरं असतं ते जेवणानंतरही रक्तात फारसं वर येत नाही. पालकांना हे नको असेल तर आग्रह नको. श्वासातला कार्बन मोजून हेच तपासायच्या बिनसुईच्या पद्धती आहेत, आणि बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेत समस्थानिकांच्या आधारे भारतीय डाळींची पचनीयता मोजलीही गेली आहे. संमतीपत्र मराठीत छापून भागणार नाही. शहराच्या पूर्व भागात ते तेलुगूत, अक्कलकोटकडे कन्नडमध्ये वाचून दाखवावं लागेल. आईने विचारलं की माझ्या बाळाचा अहवाल काय आला, तर सांगावं लागेल की या आकड्यावरून तुमच्या एकट्या बाळाबद्दल काही सांगता येत नाही, पण त्याचं हिमोग्लोबिन, वजन, उंची ही घ्या, आणि रक्तक्षय असेल तर औषध आजच घेऊन जा.

आहारासोबत उष्मांकही वाढले पाहिजेत, नाहीतर सुखात्म्यांनी सांगितलं तेच होईल आणि महागडं लायसिन जळून जाईल. दर वाटीत चमचाभर तेल हे त्याचं सोपं उत्तर आहे.

आणि पहिली नळी विकत घेण्याआधी एक वजनकाटा अंगणवाडीत न्यावा. कच्ची डाळ किती ग्रॅम घेतली ते मोजा. शिजलेल्या भांड्याचं वजन करून रिकाम्या भांड्याचं वजा करा. एक किलो डाळीचं दहा किलो वरण झालं असेल तर १०० ग्रॅमच्या वाटीत दहा ग्रॅम डाळ यायला हवी. मग वरून पळी बुडवून एक वाटी भरा, तळापासून ढवळून दुसरी भरा, आणि दोन्ही दहा मिनिटं तशाच राहू द्या. पहिल्या वाटीच्या तळाशी डाळीचा पातळ थर बसेल आणि वर पिवळं पाणी राहील. मदतनीस ताईंना पाहणी करणाऱ्यांनी ढवळून वाढायला सांगावं, आणि त्यासाठी लांब दांड्याची पळी द्यावी. आत्ताची पळी मोठ्या पातेल्याच्या तळाला पोहोचतच नाही, अशा अंगणवाड्या थोड्या नाहीत.